लोकांनी कौल दिला, तरी माफीचा कायदा न्याय्य ठरतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उरुग्वेत लष्करी राजवटीतल्या गुन्ह्यांवर खटले भरू नयेत असा कायदा संसदेनं केला. पुढे दोन वेळा मतदान झालं आणि दोन्ही वेळा तो टिकला. तरीही एका आंतरराष्ट्रीय न्यायालयानं तो गैर ठरवला. मग लोकांच्या कौलाला किंमत काय? आणि जिथं लढाई अजून धगधगते आहे, तिथं माफीची खात्री नसेल तर बंदूक खाली ठेवायला कोण तयार होईल?

मी पेशानं वकील. गेली वीसेक वर्षं संघर्षातून बाहेर पडणाऱ्या देशांमध्ये दोन प्रकारची कामं करत आले आहे. एक, पीडितांच्या जबान्या नोंदवणं. दुसरं, माफीच्या कायद्यांचे मसुदे वाचून त्यात काय ठेवावं आणि काय काढावं याबद्दल मत देणं. सकाळी जिचा मुलगा परत आला नाही अशा आईसमोर बसायचं, आणि दुपारी त्याला उचलून नेणाऱ्यांना कोणत्या कलमाखाली सोडता येईल यावर बोलायचं, असे दिवस मी काढले आहेत. त्यामुळे मी तटस्थ असल्याचा आव आणणार नाही. पण माफीच्या नावानं सरसकट बोटंही मोडणार नाही.

आधी गाठ नेमकी कुठे आहे ते पाहू. लोकशाही मोठी की न्यायालय, असं तुम्ही विचारता. मला त्याच्या आधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: ही माफी देण्याचा हक्क कोणाचा? फौजदारी खटल्यात फिर्यादी म्हणून राज्यसंस्था उभी असते. ज्याच्यावर अत्याचार झाला तो कागदोपत्री नुसता साक्षीदार. त्यामुळे ‘खटला आमचा, आम्ही तो सोडून देतो’ असं सरकारला म्हणता येतं, आणि कायद्याच्या भाषेत ते खोटं नसतं. पण माणूस गेलेला असतो तो त्या साक्षीदाराच्या घरातला. त्याला न विचारता दिलेली माफी म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र.

म्हणून मी वैधता आणि अधिमान्यता हे दोन शब्द वेगळे ठेवते. रीतसर मंजूर झालेला कायदा वैध असतो. ज्यांना त्याची झळ बसते त्यांनाही ‘आमच्याशी न्यायानं वागले’ असं म्हणता येईल का, हा अधिमान्यतेचा प्रश्न. वैधता एका दिवसात मिळते. अधिमान्यता मिळायला वर्षं जातात आणि मिळालेली गमावताही येते. माझ्या लेखी माफीचा कायदा म्हणजे राज्यानं पीडितांच्या नावावर काढलेलं कर्ज आहे. ते काढण्याची वेळ खरोखरच येऊ शकते. पण पुढचे हप्ते राज्य भरतं की बुडवतं, यावर ते कर्ज होतं की लुबाडणूक हे ठरतं.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून असतं ते सांगते. मसुदा हातात आला की मी सर्वांत आधी बघते की माफी कशाची आहे. सरकारविरुद्ध शस्त्र उचलणं, बंदी असलेल्या संघटनेत असणं, सैन्यातून पळून जाणं, पत्रकं वाटणं, यांना माफी द्यायला माझी कधीच हरकत नसते. आंतरराष्ट्रीय कायद्याचीही नसते. उलट जिनिव्हा करारांना १९७७ साली जोडलेल्या दुसऱ्या प्रोटोकॉलच्या कलम ६ मधलं पाचवं पोटकलम सांगतं की अंतर्गत युद्ध संपल्यावर सत्ताधाऱ्यांनी लढाईत भाग घेतलेल्यांना शक्य तितकी व्यापक माफी देण्याचा प्रयत्न करावा. सरकारी वकील हे पोटकलम पुढे करून सगळंच माफ करायला बघतात. पण त्याचा रोख नुसत्या लढण्याबद्दलच्या शिक्षेवर आहे. कैद्यांना ठार मारणं, बलात्कार, छळ, माणसं गायब करणं हे त्यात बसत नाही. रेड क्रॉसची आंतरराष्ट्रीय समितीही त्याचा अर्थ असाच लावते.

अडचण येते ती दोन्ही गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या जातात तेव्हा. स्पेनचा १९७७ चा कायदा घ्या. फ्रँकोच्या हुकूमशाहीत तुरुंगात गेलेल्या राजकीय कैद्यांची सुटका व्हावी म्हणून विरोधकांनी रस्त्यावर उतरून माफीची मागणी केली होती. त्यांना ती मिळाली. पण त्याच कायद्यात, राजवटीच्या अधिकाऱ्यांनी आणि पोलिसांनी केलेल्या गुन्ह्यांनाही झाकणारी पोटकलमं होती. छळ सोसलेला आणि छळ करणारा एकाच कायद्यानं एकाच दिवशी मोकळा झाला. तेव्हा बहुतेक पक्षांना हा समेट वाटला, आणि त्या काळातली भीती लक्षात घेतली तर मी त्यांना सहज दोष देणार नाही. पण सामूहिक कबरींमधले आजोबा शोधणाऱ्या नातवंडांना तीस वर्षांनंतरही न्यायालयाच्या दारात तोच कायदा दाखवला गेला. म्हणून कोणाच्याही मसुद्यात ही दोन गाठोडी एकत्र दिसली की मी पहिली दुरुस्ती तिथं सुचवते.

दुसरी गोष्ट, माफी कोण कोणाला देतंय. चिलीत लष्करशहा पिनोशेच्या राजवटीनं एप्रिल १९७८ मध्ये हुकूम काढून सप्टेंबर १९७३ च्या सत्तापालटापासूनच्या स्वतःच्याच गुन्ह्यांना माफी दिली. अर्जेंटिनातल्या लष्करानं १९८३ मध्ये सत्ता सोडताना तेच केलं. नव्या लोकनियुक्त संसदेनं तो कायदा त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रद्द केला, आणि १९८५ मध्ये लष्करी सत्ताधाऱ्यांवर खटला चालला. स्वतःच स्वतःला माफ करणाऱ्याच्या कायद्याला मी कर्जसुद्धा म्हणणार नाही.

पेरूचं उदाहरण यातलं सर्वांत बोलकं. ३ नोव्हेंबर १९९१ च्या रात्री लिमातल्या बारिओस आल्तोस वस्तीत एका घरी लोक जमले असताना लष्कराशी संबंधित टोळीनं पंधरा जणांना गोळ्या घातल्या. त्यात एक लहान मूलही होतं. १९९५ मध्ये एका न्यायाधीश बाईंनी चौकशी सुरू केली, तर संसदेनं घाईघाईत माफीचा कायदा केला. बाईंनी तो घटनाबाह्य म्हणून लागू करायला नकार दिला. लगेच दुसरा कायदा आला: न्यायालयांनी पहिल्या कायद्याची तपासणीच करायची नाही! लोकांनी निवडलेली संसदच हे करत होती, हे ध्यानात घ्या. २००१ मध्ये अमेरिका खंडातल्या देशांसाठीच्या आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयानं दोन्ही कायदे निष्प्रभ ठरवले, आणि २००९ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष फुजिमोरी यांना याच हत्याकांडासह इतर गुन्ह्यांसाठी २५ वर्षांची शिक्षा झाली. तरीही २०२५ मध्ये पेरूनं १९८० ते २००० या काळातल्या लष्करी आणि पोलिसी गुन्ह्यांना झाकणारा आणखी एक कायदा केला. असे कायदे एकदा पडले की संपले, असं होत नाही.

आता तुमच्या उरुग्वेकडे येते. ते पेरूसारखं नाही, आणि दोन्ही एकाच पारड्यात टाकणं मला पटत नाही. तिथं लष्करी राजवट १९८५ मध्ये संपली होती. डिसेंबर १९८६ चा कायदा निवडून आलेल्या संसदेनं केला. त्याच्या नावातही माफी हा शब्द नाही. शिक्षा करण्याच्या राज्याच्या दाव्याची मुदत संपली, अशा अर्थाचं ते नाव आहे. विरोधकांनी लाखो सह्या गोळा करून सार्वमत घडवून आणलं. एप्रिल १९८९ मध्ये सुमारे ५७ टक्के लोकांनी कायदा ठेवायच्या बाजूनं मत दिलं. २००९ मध्ये तो रद्द करण्याच्या बाजूनं अठ्ठेचाळीस टक्क्यांच्या आसपास मतं पडली, पण आवश्यक बहुमताला ती थोडक्यात कमी पडली. म्हणजे लोकांनी दोनदा खुलेपणानं विचार केला होता. असं असताना २०११ मध्ये आंतर-अमेरिकी न्यायालयानं म्हटलं की मूलभूत हक्कांचं संरक्षण ही बहुमतालाही न ओलांडता येणारी रेषा आहे आणि सार्वमतानं ती पुसली जात नाही.

निष्कर्ष मला मान्य आहे. पण न्यायालयानं लोकांच्या त्या विचारमंथनाला अधिक आदरानं सामोरं जायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. रात्रीत कायदा करणारी संसद आणि सह्या गोळा करत दारोदार फिरणारा समाज यांत फरक आहे, आणि निकालात तो पुरेसा उतरलेला नाही.

तरीही निष्कर्ष का मान्य, ते त्या खटल्यातल्या मुलीकडे पाहिलं की कळतं. तिची आई एकोणीस वर्षांची अर्जेंटिनियन तरुणी. १९७६ मध्ये गरोदर असताना तिला ब्युनोस आयर्समधून उचललं आणि नदीपलीकडे माँटेव्हिडिओला नेलं. तिथं मूल जन्मलं. आई पुन्हा कधीच दिसली नाही आणि बाळ एका उरुग्वेयन पोलिसाच्या घरी पोहोचवण्यात आलं. त्या मुलीला, माकारेना गेलमनला, आपली खरी ओळख कळली ती २००० साली. पहिलं सार्वमत झालं तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि दुसऱ्याच नावानं दुसऱ्याच घरात वाढत होती. ज्या मतपेटीत तिच्या आईचा खटला बुडत होता, तिच्याशी आपला काही संबंध आहे हे तिला ठाऊकसुद्धा नव्हतं. अशा मतदानातून जे मिळतं ते बहुसंख्यांचं ‘आम्हाला शांत जगू द्या’ हे म्हणणं असतं. ते समजण्यासारखं आहे, त्याची किंमतही आहे. पण तिच्या वाटचं सोडून देण्याचा अधिकार त्यातून निर्माण होत नाही. ज्यांनी काही गमावलं नाही त्यांची मतं गमावलेल्यांच्या मतांपेक्षा जवळपास नेहमीच जास्त भरतात, हे कोणत्याही संघर्षानंतरच्या मतदानाचं साधं गणित आहे.

म्हणून मी सार्वमताला एक पुरावा मानते, अंतिम निवाडा मानत नाही. मतदानाच्या वेळी लोकांना काय माहीत होतं, हा माझा पुढचा प्रश्न असतो. सत्य आधी बाहेर आलं असेल आणि मग लोकांनी कौल दिला असेल, तर त्याचं वजन कितीतरी वाढतं. सत्य बाहेर येऊ नये म्हणूनच कौल घेतला असेल, तर ते वजन उतरतं.

तुमचा दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे: लढाई चालूच असेल तर? इथं न्यायाचा आग्रह धरणाऱ्या माझ्यासारख्यांनी नम्र राहायला हवं. छावणीत पडलेल्या माणसाला आजची रात्र गोळीबाराविना जावी एवढंच हवं असतं, आणि ते मागणं कमी नैतिक नसतं. जुलै १९९९ चा सिएरा लिओनचा लोमे करार याच हतबलतेतून झाला. माणसांचे हातपाय तोडणाऱ्या बंडखोर गटाच्या म्होरक्याला, फोदे सांकोला, संपूर्ण माफी मिळाली. वर खनिज संपत्तीच्या आयोगाचं अध्यक्षपद आणि उपराष्ट्राध्यक्षाचा दर्जा. सही करताना संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीनं हातानं लिहून टाकलं की वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि युद्धगुन्हे यांना ही माफी लागू आहे असं संयुक्त राष्ट्रं मानत नाहीत. वर्षही झालं नाही तोवर, मे २००० मध्ये, त्याच गटानं सुमारे पाचशे शांतिसैनिकांना ओलीस धरलं. पुढे विशेष न्यायालय स्थापन झालं. २००४ मध्ये त्यानं निकाल दिला की लोमेची माफी या खटल्यांच्या आड येत नाही.

या गोष्टीतून ‘माफीनं शांतता येत नाही’ असा धडा काढतात. मी तो घाईचा मानते. त्या न्यायालयानं आरोपपत्र ठेवलं ते फक्त तेरा जणांवर. शस्त्रं खाली ठेवलेल्या हजारो साध्या लढवय्यांना देशात माफी कायम राहिली आणि ते आपापल्या गावी गेले. बहुतेकांना माफी, मोजक्या सूत्रधारांवर खटला, ही वाटणी तिथं टिकली. टिकली नाही ती म्होरक्याला दिलेली माफी आणि खुर्ची. ज्याला काहीच कबूल करावं लागलं नाही त्याला ती बक्षिसासारखी मिळाली होती.

आणि मग युगांडा. माफीच्या बाजूनं माझं मन सर्वांत जास्त कुठे झुकलं असेल तर तिथं. उत्तर युगांडातल्या अचोली समाजाच्या वडीलधाऱ्यांनी आणि धर्मगुरूंनीच माफीच्या कायद्याचा आग्रह धरला होता, आणि तो २००० साली झाला. कारण साधं होतं. जोसेफ कोनीच्या लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी या बंडखोर गटात लढणारे बहुतेक जण त्यांचीच पळवून नेलेली मुलं होती. रानात असलेल्या आपल्याच पोराला परतायला वाट हवी म्हणून मागितलेली ती माफी होती. इथं देणारे आणि पीडित बऱ्याच अंशी एकच. हलवायानं स्वतःच्या घरावर स्वतः तुळशीपत्र ठेवलं, असं म्हणायला हरकत नाही. हजारो जण या कायद्याखाली परतले.

पण याच देशातल्या थॉमस क्वोयेलोचा खटला बघा. १९८७ मध्ये तोही शाळेत जाणारा मुलगा असतानाच पळवला गेला. पुढे त्याच गटात कमांडर झाला. २००९ मध्ये पकडल्यावर त्यानं माफी मागितली, ती मिळाली नाही. २०११ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानं त्याच्या बाजूनं कौल दिला: इतरांना दिली, मग यालाच का नाही? २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. गंभीर युद्धगुन्हे माफीच्या कक्षेत येत नाहीत, असं त्याचं म्हणणं. २०२४ मध्ये त्याला दोषी ठरवून चाळीस वर्षांची शिक्षा झाली. हा निकाल योग्य, असं मी म्हणेन. पण पंधरा वर्षं तो निकालाविना कोठडीत होता, आणि त्याच्याइतक्याच हुद्द्याच्या काहींना माफी मिळून गेली होती. कोणाला माफी आणि कोणाला नाही हे कायद्यात आधी स्पष्ट लिहिलं नाही, तर पुढे न्यायसुद्धा लहरीसारखा दिसू लागतो. म्हणूनच वगळलेल्या गुन्ह्यांची यादी मी पहिल्याच मसुद्यात मागते, कितीही वाटाघाटी अडल्या तरी.

दक्षिण आफ्रिकेबद्दल विचारल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, आणि माझं कर्जाचं म्हणणं तिथंच सर्वांत नीट दिसतं. १९९३ च्या अंतरिम घटनेच्या शेवटच्या परिच्छेदांतच माफीचं वचन होतं. त्याशिवाय सत्तांतर झालंच नसतं, असं दोन्ही बाजूंचे लोक सांगतात. १९९५ च्या कायद्यानं त्या वचनाला अटी घातल्या. प्रत्येकानं स्वतंत्र अर्ज करायचा, कृत्य राजकीय हेतूनं झालेलं असलं पाहिजे, आणि सगळं खरं खरं सांगायचं. पश्चात्तापाची अट नव्हती, आणि माझ्या मते ते बरोबर होतं. अश्रू तपासायचं काम न्यायमंडळाला देऊ नये, तपशील तपासायचं द्यावं.

पोलीस कोठडीत मारले गेलेले वर्णभेदविरोधी नेते स्टीव्ह बिको यांच्या आणि आणखी काही कुटुंबांनी या कायद्यालाच आव्हान दिलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: न्यायालयात जाण्याचा आमचा हक्क तुम्ही आम्हाला न विचारता काढून घेतला. खटलाच काय, नुकसानभरपाईचा दावासुद्धा त्यांना करता येणार नव्हता. १९९६ मध्ये घटनात्मक न्यायालयानं कायदा कायम ठेवला. न्यायमूर्ती इस्माईल महोमेद यांच्या निकालपत्रात या कुटुंबांची वेदना झटकून टाकलेली नाही, म्हणून मी ते पुन्हा पुन्हा वाचते. त्यातला युक्तिवाद असा की माफीचं आमिष नसेल तर सत्य गुन्हेगारांच्या मनातच गाडलेलं राहील, आणि व्यक्तिगत दाव्यांच्या जागी राज्य सर्वच पीडितांसाठी भरपाईची व्यवस्था उभी करेल. म्हणजे पीडितांकडून काढून घेतलेल्या हक्काच्या बदल्यात दोन वचनं होती, सत्याचं आणि भरपाईचं. तिसरं न बोलता गृहीत होतं: जे अर्ज करणार नाहीत किंवा ज्यांचा फेटाळला जाईल, त्यांच्यावर खटले चालतील.

अर्ज आले सात हजारांहून जास्त, आणि बहुतेक फेटाळले गेले. बिको यांच्या मृत्यूप्रकरणी अर्ज केलेल्या पोलिसांनाही माफी नाकारली गेली. इथपर्यंत व्यवस्था वचनाला जागली. पुढे हप्ते चुकू लागले. या कायद्याखाली नेमलेल्या सत्य आणि समेट आयोगानं पीडितांना सहा वर्षं दरवर्षी मदत द्यावी असं सुचवलं होतं. सरकारनं २००३ मध्ये एकदाच तीस हजार रँड देऊन विषय मिटवला. आयोगानं पुढच्या तपासासाठी सोपवलेल्या सुमारे तीनशे प्रकरणांपैकी खटल्यापर्यंत पोहोचली ती अगदी मोजकी. ज्यांनी खरं सांगितलं नाही त्यांनाही आपोआपच माफी मिळाल्यासारखं झालं. मग ज्यांनी समोर येऊन कबुली दिली ते खुळे ठरले का? ते खटले कोणी मुद्दाम रोखले का, हे तपासण्यासाठी २०२५ मध्ये न्यायालयीन चौकशी आयोग नेमावा लागला. माझ्या मते १९९५ चा कायदा अधिमान्य होता, आणि ती अधिमान्यता नंतरच्या सरकारांनी हळूहळू घालवली. जगभर त्या कायद्याची नक्कल होते, पण ती पहिल्या भागाची. फेटाळलेल्या अर्जाचं पुढे काय होणार, त्यासाठी वेगळे सरकारी वकील आणि पैसा आहे का, हे प्रत्येक ठिकाणी मला वेगळं विचारावं लागतं.

कोलंबियानं यातून काही शिकून घेतलं, असं दिसतं. ऑक्टोबर २०१६ मध्ये लोकांनी बंडखोरांशी झालेला शांतता करार अगदी निसटत्या फरकानं नाकारला. करार दुरुस्त झाला आणि संसदेनं मंजूर केला. बंडाच्या राजकीय गुन्ह्यांना माफी, पण अपहरण आणि हत्याकांडांसारख्या गुन्ह्यांसाठी विशेष न्यायालय. जबाबदारी कबूल केली तर तुरुंगाऐवजी पाच ते आठ वर्षं हालचालींवर निर्बंध आणि पीडितांच्या उपयोगाचं काम. सप्टेंबर २०२५ मध्ये बंडखोरांच्या जुन्या नेत्यांना अपहरणांबद्दल आठ वर्षांची अशी पहिली शिक्षा झाली. अनेक पीडितांना ती फारच सौम्य वाटली, आणि तसं वाटण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. पण तिथं गुन्ह्याला गुन्हा म्हटलं गेलं, आणि ते माफी मिळालेल्यांच्या तोंडून.

‘पीडितांनीच संमती दिली तर?’ हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण पुढचा तोच येतो. नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१५ मध्ये २०१४ च्या कायद्यातल्या माफीच्या तरतुदी फेटाळताना पीडितांच्या संमतीवर भर दिला. तत्त्व म्हणून ते मला पूर्ण मान्य आहे. व्यवहारात मात्र मी फार सावध असते. एका देशात मला संमतीच्या अर्जांचा गठ्ठा दाखवला गेला होता. सगळे अंगठे एकाच दिवशीचे, मजकूर शब्दशः सारखा. चौकशी केली तेव्हा कळलं की अर्ज भरून घेताना गावचा जुना कमांडर तिथंच खुर्ची टाकून बसला होता. तेव्हापासून संमती कोणी घेतली, कुठे, त्या वेळी खोलीत कोण होतं, आणि नाही म्हणणाऱ्याचं पुढे काय झालं, हे विचारल्याशिवाय मी पुढे जात नाही.

राहिला तो इशारा: माफी रद्द केली तर युद्ध परत पेटेल. अर्जेंटिनाच्या सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये तिथले माफीचे कायदे घटनाबाह्य ठरवले, एल साल्वादोरच्या न्यायालयानं २०१६ मध्ये. दोन्हीकडे सैन्य रस्त्यावर उतरलं नाही. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर दोन्ही निकाल कायदा झाल्यानंतर दोनेक दशकांनी आले, जेव्हा धमकी देणारे म्हातारे झाले होते. १९८७ मध्ये अर्जेंटिनात लष्कराच्या एका गटानं खरोखरच बंड केलं होतं आणि त्यानंतर ‘वरिष्ठांचा हुकूम पाळला’ म्हणून खालच्या अधिकाऱ्यांना सोडणारा कायदा आला. भीती खोटी नव्हती. त्यामुळे वाटाघाटीच्या टेबलाशी बसणाऱ्यांना मी एवढंच सांगते की आज खटले भरता येत नसतील तर भरू नका, पण ‘कधीच भरणार नाही’ असं लिहून देऊ नका. जे तुमच्या हातात नाही त्याचं वचन दिलंत, तर पुढच्या युद्धात तुमच्या वचनावर कोणी विश्वास ठेवणार नाही. लायबेरियाचा राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर याला २००३ मध्ये पद सोडताना नायजेरियात आश्रय मिळाला, २००६ मध्ये त्याला सिएरा लिओनच्या त्याच विशेष न्यायालयाच्या स्वाधीन केलं गेलं. त्याला झालेली पन्नास वर्षांची शिक्षा योग्यच होती, पण बाकीच्या हुकूमशहांनी त्यातून खुर्ची न सोडण्याचा धडा घेतला असेल, तर मला आश्चर्य वाटणार नाही.

तुमच्या माहितीतल्या देशात असा कायदा आधीच झाला असेल आणि आता काय करायचं असा प्रश्न असेल, तर सगळी दारं एकदम बंद होत नसतात. अर्जेंटिनाच्या माफीत मुलं पळवण्याचा गुन्हा वगळलेला होता, आणि पळवलेल्या नातवंडांचा शोध घेणाऱ्या आज्यांच्या संघटनेनं त्याच फटीतून लढाई चालू ठेवली. चिलीतल्या न्यायाधीशांनी म्हटलं की गायब केलेला माणूस सापडेपर्यंत अपहरणाचा गुन्हा संपलेलाच नाही, मग १९७८ मध्ये संपणारी माफी त्याला लागू कशी होईल? पण अशा वाटा उघडल्या तेव्हा हातात पुरावा होता म्हणून त्या उपयोगी पडल्या.

एल साल्वादोरमध्ये डिसेंबर १९८१ मध्ये एल मोसोते आणि आसपासच्या वाड्यांमध्ये सैन्यानं हजाराच्या आसपास माणसं मारली. १९९० मध्ये वाचलेल्यांनी तक्रार नोंदवली. १९९२ च्या अखेरीस अर्जेंटिनाच्या न्यायवैद्यक पथकानं तिथल्या चर्चशेजारची एकच खोली खणली. त्या एका खोलीत किमान १४३ जणांचे अवशेष निघाले आणि त्यातली १३१ बारा वर्षांखालची मुलं होती. मार्च १९९३ मध्ये सत्यशोधन आयोगाचा अहवाल आला आणि पाचच दिवसांत संसदेनं माफीचा कायदा करून खटला बंद पाडला. पण प्रत्येक हाड, प्रत्येक काडतूस, कोणत्या कोपऱ्यात काय सापडलं, हे सगळं नोंदवून झालं होतं. २०१६ मध्ये तो कायदा पडला आणि त्याच वर्षी खटला पुन्हा उघडला, तेव्हा न्यायालयापुढे ते कागद ठेवायला होते. म्हणून आत्ता, कायदा कसाही असो, जबान्या तारखेसह लिहून घ्या, नावं नीट लिहा, आणि प्रती देशाबाहेर सुरक्षित ठेवा.